प्रयोग आणि प्रेक्षक : भिलाईच्या मैदानातील ‘चोर चोर’

१

‘प्रायोगिक’ हे विशेषण मराठी नाट्यसमीक्षेत गेली कित्येक दशके इतक्या सैलपणे वापरले जात आहे की, त्याचा नेमका अर्थ कोणी विचारला तर उत्तर देणाराची पंचाईत व्हावी. व्यावसायिक नव्हे ते प्रायोगिक, असा त्याचा एक निषेधात्मक अर्थ आहे. स्थल, काल आणि कथानक यांची रूढ चौकट मोडते ते प्रायोगिक, असा दुसरा, रूपनिष्ठ अर्थ आहे. आणि थोड्या जाणत्या प्रेक्षकांसाठी लहानशा जागेत होते ते प्रायोगिक, असा एक तिसराही अर्थ आहे. तो उघडपणे कोणी मांडीत नाही, परंतु मनात मात्र बहुतेकांच्या असतो. या तिन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. प्रयोग करणारा तो नाटककार किंवा दिग्दर्शक. प्रेक्षक हा त्या प्रयोगाचा साक्षी, फार तर परीक्षक. प्रयोगाच्या घटकद्रव्यांत त्याची गणना कोणी करीत नाही.

वस्तुतः मराठी भाषेनेच आपल्याला याहून अधिक शहाणपण देऊन ठेवले आहे. नाटकाच्या प्रत्येक सादरीकरणाला आपण ‘प्रयोग’ म्हणतो. पहिला प्रयोग हा जसा प्रयोग, तसा शंभरावाही प्रयोगच. शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जे चालते तेही प्रयोगच. एका शब्दात या दोन कल्पना एकत्र नांदतात, हा निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही. नाटक प्रेक्षकांसमोर उभे राहिल्याखेरीज त्याची परीक्षा होत नाही आणि ही परीक्षा एकदा होऊन संपत नाही, ही जाण या शब्दाच्या पोटात आहे. ‘प्रायोगिक’ हे विशेषण घडविताना मात्र आपण ती जाण मागे टाकली आणि रूपाची नवलाई तेवढी पुढे घेतली.

या संदर्भात १९७४ हे वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ या संस्थेने याच वर्षी दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात आपला तळ ठोकला आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीला हक्काचे घर मिळाले. सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ याच वर्षी रंगभूमीवर आले. आणि याच वर्षी, दादरपासून हजारएक किलोमीटर पूर्वेला, छत्तीसगढातील भिलाई या पोलादनगरीत, एका उघड्या मैदानात हजारो लोकांसमोर पाऊण तासाचे एक अपुरे नाटक सादर झाले. त्याची तालीम पुरती झाली नव्हती आणि त्याला लिखित संहिता नव्हती. त्याचे तेव्हाचे नाव ‘चोर चोर’. पुढे ‘चरणदास चोर’ या नावाने ते भारतात आणि भारताबाहेर प्रसिद्धीस आले. दादर आणि भिलाई ही दोन्ही स्थळे प्रायोगिक रंगभूमीचीच. पण दोन्हीकडे ‘प्रयोग’ या शब्दाचा अर्थ एक होता काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

भिलाईच्या मैदानापर्यंत पोचण्यास हबीब तन्वीर यांना पुष्कळ लांबचा फेरा घ्यावा लागला. त्यांचा जन्म १९२३ मध्ये रायपूरचा. महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. छत्तीसगढ आणि विदर्भ हे त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांताचे भाग होते. पुढे मुंबईत जननाट्य संघाचा सहवास, १९५४ मध्ये दिल्लीत ‘आग्रा बाजार’, नंतर इंग्लंडमधील नाट्यशिक्षण आणि बर्लिनमध्ये ब्रेख्टच्या नाटकांचे दर्शन, असा त्यांचा प्रवास झाला. १९५८ मध्ये ‘मृच्छकटिका’वर आधारलेले ‘मिट्टी की गाडी’ बसविताना त्यांनी छत्तीसगढातील सहा ग्रामीण नट दिल्लीला नेले. १९५९ मध्ये ‘नया थिएटर’ची स्थापना झाली. येथपर्यंतचा वृत्तान्त एखाद्या यशोगाथेसारखा वाटतो. परंतु त्यानंतरची दहा-बारा वर्षे बव्हंशी अपयशाची होती, आणि समीक्षकाच्या दृष्टीने त्या अपयशाचे मोल यशाहून अधिक आहे.

हे नट ‘नाचा’चे कलावंत होते. नाचा हे छत्तीसगढचे लोकनाट्य. ढोलक, चिकारा, मंजिरा आणि पुढे हार्मोनियम यांच्या साथीवर ते रात्रभर चालते. त्यात ‘जोक्कड’ म्हणजे विदूषक असतो, स्त्रीवेष घेतलेला पुरुष म्हणजे ‘परी’ असते आणि हजरजबाबी संवादांतून रंगणारी छोटी प्रहसने असतात. आपल्या गावच्या मैदानात पहाटेपर्यंत लोकांना खिळवून ठेवणारे हे नट दिल्लीच्या रंगमंचावर मात्र अवघडून जात. या अपयशाची मीमांसा तन्वीर यांनी स्वतःच अत्यंत प्रांजळपणे केली आहे. त्यांच्या मते चुका दोन होत्या. पहिली, विलायतेत शिकलेली हालचालींची शिस्त या नटांवर लादणे. अमुक शब्दावर उजवीकडे वळावे, तमुक ठिकाणी थांबावे, हे गणित त्यांना जमेना. दिग्दर्शक त्यांच्यावर चिडत राही. दुसरी चूक भाषेची. मातृभाषा छत्तीसगढी असलेल्या नटांच्या तोंडी हिंदी संवाद घातले गेले होते.

यांपैकी पहिल्या चुकीचा उलगडा विशेष उद्बोधक आहे. नाचाच्या मैदानात लोक जागा मिळेल तसे, बहुधा तिन्ही बाजूंनी बसतात. ज्या बाजूने हशा आला किंवा शेरा आला, त्या बाजूला नट आपसुक वळतो. तेथे दोन वाक्ये वाढवितो आणि मग मूळ धाग्यावर येतो. त्याची हालचाल रंगमंचाच्या भूमितीवरून ठरत नाही, ती प्रेक्षकांच्या प्रतिसादावरून ठरते. अशा नटाला उजवे-डावे शिकविणे म्हणजे त्याच्या कलेचा कणाच काढून घेणे होय. ज्याला दिग्दर्शक अडाणीपणा समजत होता, ते वस्तुतः एक वेगळे आणि पुरते विकसित झालेले नाट्यतंत्र होते. ही गोष्ट तन्वीर यांच्या ध्यानी आली तेव्हा त्यांनी नट बदलले नाहीत, स्वतःची पद्धत बदलली. १९७३ मध्ये रायपूर येथे भरविलेल्या नाचा-शिबिरात तीन जुन्या प्रहसनांची गुंफण करून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक तयार झाले. भाषा छत्तीसगढी, संवाद नटांनी तालमीत उभे केलेले, गाणी त्या मातीतली. भिलाईचे शिबिर त्यानंतरचे.

परंपरा ही स्थिर असते आणि प्रयोग शहरातून येतो, हा समजही या ठिकाणी तपासून घ्यावयास हवा. नाचाचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. मशालींच्या उजेडात उभ्याने चालणाऱ्या नाचाला दाऊ दुलारसिंह मंदराजी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नवे वळण दिले, त्यात हार्मोनियम आणले. ते गावचे मालगुजार होते, शहरातून आलेले सुधारक नव्हते. खुद्द भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंचे उदाहरण तर याहून बोलके आहे. पंडवानीत स्त्रियांनी बसून गावे असा रिवाज होता. उभ्याने, हातातील तंबोऱ्याची गदा किंवा धनुष्य करीत महाभारत सांगण्याची कापालिक शैली पुरुषांची समजली जाई. तीजनबाईंनी कोवळ्या वयात ती शैली स्वीकारली आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. त्यांना पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली आणि पद्मविभूषणापर्यंतचे सन्मानही लाभले. एका स्त्रीने बसण्याऐवजी उभे राहणे, एवढ्या एका कृतीत जितकी प्रायोगिकता आहे, तितकी नेपथ्याच्या मोडतोडीत क्वचितच सापडेल.

३

आता भिलाई. सोव्हिएत रशियाच्या सहकार्याने येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. दुर्ग जिल्ह्यातील शेतीवाडीच्या मुलखात अखिल भारतीय स्वरूपाची एक औद्योगिक वसाहत अल्पावधीत उभी राहिली. या वसाहतीभोवतीचा परिसर मात्र छत्तीसगढी बोलणाऱ्या खेड्यांचाच राहिला आणि त्या खेड्यांतील लोकसंख्येत सतनामी समाजाचा वाटा मोठा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या गुरू घासीदासांनी या समाजाला, जो अस्पृश्य गणला जाई, सत्यनामाची दीक्षा दिली. मूर्तिपूजेचा त्याग, मनुष्यमात्राची समता आणि सत्य हाच ईश्वर, ही या पंथाची सूत्रे आहेत. पांढऱ्या ध्वजाच्या जैतखांबाभोवती मांदर आणि झांज यांच्या वाढत्या लयीत केले जाणारे पंथी नृत्य हा या श्रद्धेचा देहरूप आविष्कार होय.

१९७४ च्या भिलाई-शिबिरात तन्वीर यांनी विजयदान देथा यांच्या एका राजस्थानी कथेवर काम सुरू केले होते. लोककथांना साहित्यरूप देणाऱ्या देथांच्या ‘बाताँ री फुलवाडी’ या ग्रंथमालेतील एका खंडास त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. कथा थोडक्यात अशी : एक चोर गुरूपुढे गंमतीने चार प्रतिज्ञा करतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. असले प्रसंग आपल्यावर कशाला येतील, या खात्रीने तो हे बोलतो. गुरू त्यात पाचवी प्रतिज्ञा घालतो : खोटे बोलणार नाही. पुढे या चारही अशक्य गोष्टी एकामागून एक त्याच्यासमोर वाढून येतात आणि तो त्या नाकारतो. राणी त्याला निदान झाला प्रकार गुप्त ठेवण्यास सांगते. पण पाचव्या प्रतिज्ञेमुळे तेही त्याला शक्य नसते. त्याला प्राणास मुकावे लागते.

शिबिरात हे नाटक नीटसे जमत नव्हते. तन्वीर यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार, शिबिराच्या अखेरीस भिलाईच्या मैदानात सतनामी समाजाचा मोठा मेळा पंथीसाठी जमला होता. सत्याला देव मानणाऱ्या या लोकांपुढे सत्यापायी मरणाऱ्या चोराची गोष्ट ठेवावी, असे त्यांच्या मनात आले आणि अर्धेकच्चे नाटक तसेच मैदानात नेण्यात आले. नटांना पुढचा प्रवेश आठवेना तेव्हा दिग्दर्शकाने रंगमंचावरच उभे राहून त्यांना मार्गी लावले. रूढ अर्थाने हा प्रयोग फसलेला मानावा लागेल. प्रत्यक्षात मात्र येथेच नाटकाला त्याचा अर्थ सापडला.

हे कसे घडले असावे, याचा उलगडा नाटकाच्या अंतिम रूपावरून करता येतो. देथांच्या कथेत चोराच्या वधानंतर राणी त्याच्या गुरूला बोलावणे धाडते आणि तो गुरू राजीखुशीने राजपदावर बसतो. हा शेवट उपरोधाचा आहे. ज्याने सत्याचा उपदेश केला तो सुखात लोळतो आणि ज्याने तो पाळला तो मरतो, असे जगाचे कडवट चित्र रेखाटून कथा संपते. साहित्यकृती म्हणून हा शेवट तीक्ष्ण आहे यात शंका नाही. ‘चरणदास चोर’मध्ये मात्र हा शेवट नाही. तेथे चोर मरतो आणि लोक त्याला पूज्य मानू लागतात. आरंभी गुरूचा आणि सत्याचा महिमा गाणारे पंथी गीत येते, ते सूत्र नाटकभर खेळत राहते आणि अखेरीस त्याच घोषात नाटकाचा समारोप होतो. उपरोधाची जागा स्तोत्राने घेतली आहे.

हा बदल केवळ दिग्दर्शकाची लहर म्हणून सांगता येत नाही. ज्या प्रेक्षकाला सत्य हा कथेतील एक डावपेच वाटतो, त्याच्या दृष्टीने पाचवी प्रतिज्ञा ही पहिल्या चारांसारखीच एक खुंटी आहे, पुढील घटना टांगण्यासाठी ठोकलेली. परंतु ज्याच्या घरात सत्यनाम हाच देव आहे, त्याच्या दृष्टीने पहिल्या चार प्रतिज्ञा विनोदाच्या आणि पाचवी दीक्षेची. ती उच्चारली जाताच चोराचे रूपांतर शिष्यात होते आणि आतापर्यंत हसणारा प्रेक्षक कान टवकारून बसतो. अशा प्रेक्षकापुढे गुरूला राजपदी बसविणे म्हणजे उपरोध नव्हे, तो केवळ अपलाप ठरेल. मैदानात बसलेल्या लोकांनी एक अक्षरही लिहिले नाही. तथापि या कथेतील विनोद आणि गांभीर्य यांची सीमारेषा कोठे आखावयाची, हे त्यांच्या श्रद्धेने ठरविले. नाट्यकृतीच्या घडणीत याहून मोठा वाटा तो कोणता?

तथापि स्तोत्र म्हटले म्हणून नाटक भाबडे झाले, असे मात्र नव्हे. चरणदास अखेरपर्यंत चोरच राहतो. तो सावकाराच्या कोठारातील धान्य भुकेल्यांना वाटतो, देवळात चोरी करतो, राजाच्या खजिन्यातून नेमक्या पाच मोहरा उचलतो. आणि त्याच संधीचा लाभ घेऊन आणखी पाच मोहरा लांबविणारा खजिन्याचा प्रतिष्ठित रखवालदार मात्र साव म्हणून मिरवितो. कायद्याच्या दृष्टीने जो गुन्हेगार तोच एकटा सत्यवादी, आणि बाकीची सारी व्यवस्था खोट्यावर उभी, हा विरोधाभास नाटकाने कोठेही सैल होऊ दिलेला नाही. मैदानाने नाटकाला श्रद्धा दिली, नाचाच्या जोक्कडाने त्याला चेष्टा दिली. दोहोंपैकी एकाचीही उणीव असती तर ते एक तर कीर्तन झाले असते नाही तर प्रहसन.

४

मराठी वाचकाला हा मुलूख वाटतो तितका परका नाही. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगढावर अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत होती; बिंबाजी भोसल्यांनी रतनपूर येथे राहून कारभार केला. नाचातील प्रहसनाला छत्तीसगढीत ‘गम्मत’ म्हणतात आणि पूर्व विदर्भातील लोकनाट्याचे नावच ‘खडी गंमत’ आहे. मराठी फौजांच्या छावण्यांतील करमणुकीतून ही गंमत तिकडे रुजली, असा एक तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. तो निर्णायक मानण्याची आवश्यकता नाही. पण शब्द एक, स्त्रीवेष घेणारा पुरुष एक, रात्रभर उभ्याने रंगणारा हजरजबाबी संवाद एक, हे साम्य दृष्टिआड करता येत नाही. असे असता लोकनाट्याशी नाते जोडण्याची वाट मराठी प्रायोगिक रंगभूमीने निराळी धरली, ती का?

या प्रश्नाच्या विचारासाठी ‘घाशीराम कोतवाल’ घेणे उचित होईल. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांनी दशावतार, खेळे, कीर्तन आणि लावणी यांचा जो अपूर्व मेळ साधला, त्याला भारतीय रंगभूमीच्या इतिहासात अढळ स्थान आहे. रूपाच्या दृष्टीने पाहता ते ‘चरणदास’हून अधिक बांधेसूद आहे. परंतु त्यात लोककलांचे रूप आले, लोककलावंत आला नाही. माणसांची ती सुप्रसिद्ध भिंत ज्यांनी उभी केली ते पुण्याचे सुशिक्षित तरुण होते आणि समोर बसणारा प्रेक्षकही त्यांच्याच वर्गातला होता. नाटकाचा रोख याच वर्गाच्या दांभिकतेवर असल्यामुळे ही रचना त्याच्या आशयाशी सुसंगत होती, हेही मान्य करावयास हवे. हा दोष नव्हे, मर्यादा आहे. आणि ती ओळखली नाही तर लोकरूपांचा वापर म्हणजे लोकांची रंगभूमी, असा गैरसमज दृढ होतो. तो आपल्याकडे पुष्कळ काळ दृढ होऊन बसला आहे.

छबिलदासच्या बाबतीतही न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. त्या लहानशा सभागृहाने नाटककाराला धंद्याच्या दडपणातून मोकळे केले, नटाला प्रेक्षकाच्या श्वासाच्या अंतरावर आणून उभे केले, नव्या लेखकांना पहिली संधी दिली. मराठी नाटकावर त्याचे ऋण आहे. पण त्या प्रेक्षकाची आवड, भाषा आणि संशयवृत्ती ही रंगकर्मींच्या इतकी जवळची होती की, त्याच्याकडून अनपेक्षित असे काही येण्याचा संभव थोडाच होता. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आणि द्रव्य हे दोन्ही एकच असतील तर निष्कर्ष आधीच ठरलेला असावयाचा. भिलाईच्या मैदानात प्रेक्षक हा रंगकर्मीला सर्वस्वी परका नव्हता, पण त्याच्या मुठीतलाही नव्हता. जोखीम खरी होती, म्हणून प्रयोगही खरा होता.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नाटक मैदानात, नटांच्या मुखी आणि प्रेक्षकांच्या श्रद्धेतून घडले असेल, तर त्यावर नाव एकट्या हबीब तन्वीरांचे का? मदनलाल, लालूराम, ठाकूरराम, भुलवाराम, राणीची भूमिका अविस्मरणीय करणाऱ्या देवार समाजातील फिदाबाई, पुढे चरणदासची भूमिका दीर्घकाळ करणारे गोविंदराम निर्मलकर, ही नावे जाणकारांना ठाऊक आहेत. परंतु नाट्येतिहासात ती नट म्हणून नोंदली जातात, सहकर्ते म्हणून नव्हे. या अन्यायाचे मूळ एका व्यक्तीच्या लोभात नसून आपल्या समीक्षेच्या सवयीत आहे. आपली समीक्षा संहितेवर पोसलेली आहे. छापील पुस्तक हाती असल्याखेरीज तिला बोलता येत नाही. आणि पुस्तक म्हटले की त्यावर एक नाव लागते. राजस्थानी लोककथा, देथांची तिची पुनर्रचना, छत्तीसगढी नटांची उत्स्फूर्त वाणी, सतनामी पंथीगीते आणि तन्वीर यांची संकलक दृष्टी, अशा पाच थरांच्या कृतीला ‘लेखक कोण’ हा प्रश्न अपुरा पडतो. भाषांतराच्या क्षेत्रात मूळ लेखक आणि भाषांतरकार अशी दोन नावे मान्य करण्यास आपण फार उशिरा शिकलो. नाट्याच्या क्षेत्रात हा धडा अजून गिरवावयाचा आहे.

५

भिलाईहून ‘चरणदास’ दिल्लीला गेला. १९७५ मध्ये श्याम बेनेगल यांनी बालचित्र संस्थेसाठी त्यावर चित्रपट काढला आणि त्यातून स्मिता पाटील प्रथम पडद्यावर आल्या. १९८२ मध्ये नाटक एडिंबरोला पोचले आणि तेथील ‘फ्रिंज’ महोत्सवात ‘फ्रिंज फर्स्ट’ हा पुरस्कार त्याला मिळाला. हा महोत्सव दर उन्हाळ्यात भरतो. १९४७ मध्ये एडिंबरोच्या अधिकृत महोत्सवात ज्यांना निमंत्रण नव्हते, अशा आठ नाट्यमंडळ्यांनी आपापल्या जागा शोधून आपले खेळ केले, तेथून त्याचा उगम झाला. निवड करणारी समिती नसावी, ज्याला खेळ करावयाचा आहे त्याने यावे, हे त्याचे तत्त्व. जगभरातील प्रायोगिक नाट्यमहोत्सवांनी या तत्त्वापासून स्फूर्ती घेतली आहे आणि ते तत्त्व उदार आहे, यात संशय नाही.

तथापि भिलाईच्या मैदानाशेजारी ठेवून पाहिले असता या औदार्याची मर्यादा स्पष्ट होते. फ्रिंजचे दार रंगकर्मीला उघडे आहे; भिलाईच्या मेळ्याचे दार प्रेक्षकाला उघडे होते. महोत्सवाला येणारा प्रेक्षक नवे काही पाहावयाचे म्हणूनच येतो. प्रयोगाची अपेक्षा त्याने तिकिटाबरोबर विकत घेतलेली असते, आणि ज्याची अपेक्षा आहे ते कितीही विचित्र असले तरी धक्का देत नाही. मेळ्याला आलेला माणूस नाटकासाठी आलेलाच नसतो. तो आपल्या गुरूच्या नावाने, आपल्या माणसांत आलेला असतो. त्याच्यासमोर नाटक ठेवणे म्हणजे त्याच्या घरात पाऊल टाकणे आहे. एडिंबरोच्या प्रेक्षकाला छत्तीसगढी कळत नव्हती; त्याने लय पाहिली, नटांची सहजता पाहिली आणि मनःपूर्वक दाद दिली. ती दाद मोलाची आहे. पण दाद देणे निराळे आणि कृतीत भर घालणे निराळे. एडिंबरोने ‘चरणदास’ला कीर्ती दिली, अर्थ भिलाईनेच दिलेला होता.

मात्र घरात पाऊल टाकण्याचा जसा लाभ, तशी किंमतही असते. ८ जून २००९ रोजी हबीब तन्वीर यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच अवधीत, सतनामी समाजातील धर्मगुरूंकडून आलेल्या आक्षेपावरून, छत्तीसगढ शासनाने ‘चरणदास चोर’ या पुस्तकावर बंदी घातली. नाटकामुळे समाजाची अप्रतिष्ठा होते, असा आक्षेपाचा आशय होता. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या समाजाच्या मेळ्यात या नाटकाला अर्थ सापडला, ज्याचा घोष ते देशोदेशी घेऊन गेले, त्याच समाजाच्या नावाने ही बंदी यावी, यासारखा दैवदुर्विलास विरळा. साहित्यिक आणि रंगकर्मी यांनी या बंदीचा निषेध केला आणि तो रास्तच होता. बंदी हा कोणत्याही कलाकृतीच्या बाबतीत प्रतिवादाचा मार्ग नव्हे.

तरीही समीक्षेचे काम निषेधाने संपत नाही. मैदानात नाटक पाहून त्यात सामील झालेला सतनामी आणि पुस्तकातील ‘चोर’ हा शब्द आपल्या पंथाशेजारी छापलेला पाहून दुखावलेला सतनामी, हे दोन वाचनप्रकार आहेत. मैदानात चोर हा शब्द उच्चारला जातो आणि लगेच गाण्याने, हशाने आणि अखेरीस मरणाने धुऊन निघतो. पुस्तकात तो शीर्षकात गोठून राहतो. शतकानुशतके ज्यांच्यावर हीनत्वाचा शिक्का मारला गेला, त्यांच्या वंशजांनी अशा शब्दाकडे संशयाने पाहावे, हे समजण्यासारखे आहे. त्या संशयाला उत्तर देण्याचे खरे स्थान न्यायालय किंवा शासनाचे कार्यालय नव्हे. ते पुन्हा मैदानच आहे. येथेही मराठीतील अनुभव आठवावा. ‘घाशीराम’चे प्रयोग पहिल्या १९ खेळांनंतर मूळ संस्थेने थांबविले, तेव्हा त्याच्या कलावंतांनी ‘थिएटर अकॅडमी’ ही निराळी संस्था स्थापून ते नाटक पुन्हा प्रेक्षकांपुढे नेले. आक्षेप घेणारा वर्ग आणि दाद देणारा वर्ग तेथेही एकच होता. नाटक टिकले ते युक्तिवादाने नव्हे, प्रयोगांनी.

सारांश, प्रायोगिकतेचे माप रूपाच्या नवलाईत शोधण्याऐवजी प्रेक्षकाशी पत्करलेल्या जोखमीत शोधावे लागेल. ज्या नाटकाला आपला प्रेक्षक आधीपासून ठाऊक आहे, ते कितीही अनोखे असले तरी प्रयोग म्हणून अर्धेच. ज्याला आपल्या प्रेक्षकाकडून स्वतःचा शेवट बदलून घेण्याची तयारी आहे, त्यालाच त्या शब्दाचा पुरता अधिकार. असा प्रेक्षक कृतीत भागीदार होतो, तसा तो पुढे तिच्यावर हक्कही सांगतो. कधी प्रेमाने, कधी रोषाने. भागीदारी हवी आणि हक्क नको, असे रंगभूमीला म्हणता येणार नाही. भिलाईच्या मैदानात त्या दिवशी नट संवाद विसरत होते, दिग्दर्शक त्यांना ढकलून पुढे नेत होता आणि समोर हजारो माणसे बसली होती. मराठी रंगभूमीवर महोत्सव आज उदंड होतात. त्यांच्या आयोजकांनी प्रेक्षागृहाची दारे लावून घेण्यापूर्वी बाहेर कोण उभे आहे, इतके जरी पाहिले तरी ‘प्रयोग’ या आपल्या जुन्या शब्दाचा हरवलेला अर्धा अर्थ हाती लागण्याचा संभव आहे.